चोपड्याचं मुंगूस दुबईत: मुलांसाठी प्राणी-गुप्तहेरांची परदेशातली साहसकथा कशी लिहावी

प्राणी-गुप्तहेराची गोष्ट लिहायला घेणारे बरेच जण आधी चोरी ठरवतात, मग देश निवडतात आणि सगळ्यात शेवटी गुप्तहेराला शेपूट चिकटवतात. मग होतं असं, की गोष्टीतलं मुंगूस काढून तिथे पाचवीतला मुलगा बसवला तरी एकही वाक्य बदलावं लागत नाही. दुबईच्या जागी लंडन घातलं तरी एका उंच इमारतीचं नाव सोडून काही अडत नाही. आठ-नऊ वर्षांच्या वाचकाला हे शब्दांत सांगता येत नाही, पण तिसऱ्या प्रकरणाला तो पुस्तक बाजूला ठेवतो.

म्हणून क्रम उलटा धरा. आधी प्राणी आणि त्याचं शरीर, मग प्रवास, मग देश आणि शेवटी गुन्हा. गुन्हा असा हवा की त्याच प्राण्याच्या नाका-कानांनी तो उकलावा, आणि तो प्रवास झाला नसता तर घडलाच नसता.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. खान्देशातल्या चोपडा तालुक्यातल्या केळीच्या बागेतलं मुंगूस, भिका. त्याच बांधावरच्या चिंचेच्या ढोलीत राहणारी पिंगळी, सखू. सखू लहान आहे, ती भिकाला ‘जिभाऊ’ म्हणते. दोघं केळीच्या मागोमाग दुबईला जातात. वाचक तिसरी ते पाचवीतले.

प्राण्याचं पान

प्रत्येक मुख्य प्राण्यासाठी वहीचं एक पान करा. त्यावर चारच गोष्टी लिहा: तो कशानं ओळखतो, कधी जागा असतो, काय खातो, आणि त्याला काय अजिबात जमत नाही. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त कामाची, कारण गोष्टीतली अडचण तिथूनच येते.

भिकाचं पान असं होईल. आपल्याकडचं साधं करडं मुंगूस, डोक्यासकट अंग साधारण ४० सेंटिमीटर, शेपटी जवळजवळ तेवढीच, वजन दीड किलोच्या आत-बाहेर. दिवसा हिंडतं. नाक तिखट, पंजांना पाच बोटं, नखं आत ओढता येत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीत ठशापुढे नखांचे टिंब उमटतात. मागच्या पायांवर उभं राहून लांबवर बघतं. अंडं फोडायचं तर पुढच्या पायांनी धरून मागच्या पायांमधून दगडावर फेकतं. नागाच्या विषाचा त्याच्यावर आपल्यापेक्षा खूप कमी परिणाम होतो, पण होतच नाही असं नाही. मुंगूस कसलीशी मुळी खाऊन विष उतरवतं, ही गावातली समजूत आहे. ती एखाद्या पात्राच्या तोंडी शोभेल, निवेदकाच्या तोंडी नको. आणि काय जमत नाही? कंटेनरचा लोखंडी दांडा फिरवणं, जड खोकं ढकलणं, रात्रीचं बारीक दिसणं, कागद वाचणं (वाचता येतं असं ठरवलंत तर पहिल्याच प्रकरणात सांगून टाका).

सखूचं पान: ठिपकेदार पिंगळा, उंची वीतभर, डोळे पिवळे, मान जवळजवळ पाऊण फेरा फिरते. डोळे खोबणीत पक्के बसलेले असतात, म्हणून तर मान इतकी फिरवावी लागते. ती संध्याकाळनंतर कामाला लागते. कान तिखट.

ही दोन पानं शेजारी ठेवली की गोष्टीची चौकट आपोआप उभी राहते. एक दिवसपाळी, एक रातपाळी. दोघांची नीट भेट फक्त दिवेलागणीला आणि पहाटे. म्हणजे दोघांमधले सगळे महत्त्वाचे संवाद त्या दोन वेळांना, आणि दरम्यान एकाला जे कळलं ते दुसऱ्याला ठाऊक नाही. ताण निर्माण करायला लेखकाला वेगळं काही करावं लागत नाही. म्हणूनच दोन्ही गुप्तहेर दिवसा जागे राहणारे घेऊ नयेत.

खान्देशात निवडायला प्राणी भरपूर आहेत. साळिंदराचा काटा गळतो, तो आयता पुरावा. तरसाची विष्ठा वाळली की पांढरी दिसते, कारण ते हाडं चावून खातं. घुबडवर्गातले पक्षी न पचलेली हाडं आणि केस यांची गोळी तोंडावाटे टाकतात. ती पाण्यात भिजवून चिमट्यानं सोडवली की काल रात्री त्यानं काय खाल्लं ते कळतं. मुलांना हे फार आवडतं आणि ते शंभर टक्के खरं आहे.

पण खान्देशाला गुप्तहेर-कथेचं खरं धन दिलं आहे ते रानपिंगळ्यानं. हा पक्षी १८८४ नंतर कुणाला सापडत नव्हता, नामशेष झाला असंच धरलं जात होतं. मधल्या काळात पक्षी मिळवल्याचा एक दावा होता: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकानं १९१४ साली तापीकाठच्या गुजरातेतल्या मांडवीला तो टिपल्याचं सांगितलं होतं. पामेला रासमुसेन या पक्षीतज्ज्ञांनी त्याचा तो पेंढा भरलेला नमुना तपासला, एक्स-रे काढले, तेव्हा कळलं की तो पक्षी १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं खान्देशात मिळवलेला, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला होता. खोटी जागा बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला जिवंत रानपिंगळा दिसला. तो दिवसाही हिंडतो, त्यामुळे गोष्टीत घेतलात तर सखूसारखा रातपाळीला लावू नका.

ही हकिगत नुसती वाचून सोडू नका, तिची रचना बघा. चिठ्ठीवर लिहिलेलं खोटं निघालं, पक्ष्याच्या अंगातला टाका खरा निघाला. जागा चुकीची धरल्यामुळे शोध भरकटत होता. आणि उत्तर इंग्लंडच्या कपाटात असलं तरी पक्षी शहाद्याचाच होता. मुलांच्या गोष्टीत हे तिन्ही जसेच्या तसे वापरता येतात.

कोण कुणाला खातं?

हा प्रश्न टाळून चालत नाही. भिका उंदीर, सरडे, अंडी खातो. सखू किडे आणि उंदरांवर जगते. साक्षीदार उंदीर असेल तर पहिलीतलं पोरही विचारेल, ‘मग त्यानं त्याला खाल्लं कसं नाही?’ दुसऱ्या प्रकरणाच्या आत एक नियम सांगा आणि शेवटपर्यंत मोडू नका. उदाहरणार्थ: तपास सुरू असेपर्यंत ज्याचं नाव घेऊन जबाब घेतला, त्याला खायचं नाही. मग भिकानं जबाब घेताना आवंढा गिळणं, नजर दुसरीकडे वळवणं, आधी पोटभर नाकतोडे खाऊन येणं, हे सगळं नियमातून निघतं. सगळ्यांना शाकाहारी करून टाकणं सोपं, पण मग मुंगूस मुंगूस राहत नाही.

तसाच दुसरा नियम माणसांचा. माणसांना प्राण्यांचं बोलणं कळतं की नाही? माझ्या मते कळू नये. कळत नसेल तर भिकाला उत्तर सापडल्यावरही ते माणसांपुढे ‘दाखवावं’ लागतं, सांगता येत नाही, आणि शेवटचं प्रकरण जिवंत होतं.

दुबईपर्यंत पोचवायचं कसं

विमानात लपून जाणं हा सगळ्यात घासलेला मार्ग आहे. खान्देशातून परदेशी जाण्याचे खरे रस्ते त्याहून मजेदार आहेत.

पहिला रस्ता केळीचा. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातली केळी आखाती देशांत जातात. पॅकहाउसमध्ये घडाच्या फण्या सुट्या करतात, धुतात, वजन करून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरतात. एका खोक्यात साधारण १३ किलो. शीतकंटेनरमध्ये असा सुमारे २० टन माल, म्हणजे दीड हजारांवर खोकी. आतलं तापमान १३ ते १४ अंशांवर ठेवतात. त्याखाली गेलं तर साल आतून काळपट पडते आणि केळं नीट पिकत नाही. वर गेलं तर वाटेतच पिकायला लागतं. दार बंद झालं की त्यावर नंबर असलेलं लोखंडी सील ठोकतात, ते कापल्याशिवाय निघत नाही. तिथून ट्रकनं न्हावा शेवा, बंदरात दोन-तीन दिवस, मग जहाजानं साधारण चार-पाच दिवसांत दुबईचं बंदर जेबेल अली. पॅकहाउस ते दुबई असे आठ-दहा दिवस धरा.

गुप्तहेरांना कंटेनरच्या आत कोंडू नका. आत अंधार, गारवा, खाणं नाही, आणि मुख्य म्हणजे तिथून त्यांना काहीच दिसत नाही. त्यांना ट्रकच्या ताडपत्रीखाली आणि मग जहाजाच्या डेकवर ठेवा. बंद दाराबाहेरून ते दाराकडे बघत राहिले तर वाचकही बघत राहतो.

दुसरा रस्ता पाखरांचा. भोरड्या पूर्व युरोप आणि मध्य आशियाकडून येतात, ज्वारीवर तुटून पडतात आणि मार्च-एप्रिलपासून परतू लागतात. हतनूर धरणावर हिवाळ्यात येणारे पट्टकदंब तिबेट-मंगोलियाकडचे, हिमालय ओलांडून येतात. चातक पावसाबरोबर आफ्रिकेकडून येतो. यांना खबरे करा, वाहन नको. भोरडीचं वजन ७०-८० ग्रॅमच्या आसपास. ती दीड किलोचं मुंगूस उचलणार नाही, आणि वाचणारी मुलं हे गणित घालतात. महिनाही सांभाळा: डिसेंबरच्या गोष्टीत चातक आणि जूनच्या गोष्टीत पट्टकदंब आला की पक्षी ओळखणारं पोर लगेच बोट ठेवतं.

तिसरा रस्ता कागदपत्रांचा, पाळीव कुत्र्या-मांजरांसाठी. जपानला कुत्रा न्यायचा तर कातडीखाली मायक्रोचिप, रेबीजच्या दोन लसी, रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून १८० दिवस थांबावं लागतं; नाहीतर तिकडे पोचल्यावर विलगीकरण. ही १८० दिवसांची अट गोष्टीत सुंदर वापरता येते. ‘काल घेतलेला कुत्रा’ म्हणून मिरवणारा माणूस खोटं बोलतोय, हे तारीख मोजली की सिद्ध होतं.

देशाचं पान

देशासाठीही एकच पान. घड्याळ, त्या महिन्यातली हवा, तिथले प्राणी, एक वास, आणि एक असा नियम जो आपल्याकडे नाही. प्रेक्षणीय स्थळांची यादी नको. उंच इमारत गोष्टीत आणायची तर तिथे एखादा दुवा सापडला पाहिजे, नाहीतर ती पोस्टकार्डावर राहू द्या.

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. भिका जहाजानं सावकाश जातो, त्यामुळे त्याची झोप-जाग वाटेतच जुळते, पण माणसांची घड्याळं जुळत नाहीत. जबाबांतल्या वेळा जुळत नाहीत तेव्हा कोण भारतातली वेळ सांगतोय आणि कोण दुबईतली, हा छोटा पेच मुलं कागदावर सोडवतात. सुट्टीचा वार तपासा: अमिरातीत १ जानेवारी २०२२ पासून सरकारी आठवडी सुट्टी शनिवार-रविवार आहे, शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं. जुन्या माहितीवरून शुक्रवारी गोदाम बंद दाखवलंत तर अख्खं कोडं कोसळतं.

प्राण्यांमध्ये एक मोलाचा दुवा आहे. आपला राखाडी मानेचा गावकावळा जहाजांवर बसून आखातातल्या बंदरांत पोचला आणि तिथे स्थिरावला. म्हणजे भिका-सखूला तिथे बोली समजणारा कुणीतरी भेटतो, तोही तीन पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेला. दुभाषाचा प्रश्न मिटला. शिवाय स्थानिक पाखरं या कावळ्यांना उपरे समजत असतील, तर पहिला संशय कुणावर जाणार हेही ठरलं.

आकाश विसरू नका. सखूला रात्री दिशा ध्रुवताऱ्यावरून कळते असं दाखवलंत तर चोपड्यात तो क्षितिजापासून २१ अंशांवर, दुबईत २५ अंशांवर. हात लांब करून धरलेल्या दोन-तीन बोटांएवढा वर. फरक थोडा. पण हीच जोडी मॉरिशसला नेलीत तर ध्रुवतारा दिसणारच नाही, कारण ते बेट विषुववृत्ताच्या खाली २० अंशांवर आहे. रातपाळीचा गुप्तहेर दिशाच हरवून बसतो, याहून चांगली अडचण शोधून सापडायची नाही. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकापासून मराठी माणसं वसली आहेत, त्यामुळे कानावर ओळखीचे शब्दही पडतील. दक्षिण गोलार्धात बेसिनमधलं पाणी उलटं फिरतं ही मात्र भाकडकथा. तिला पुरावा बनवू नका.

मुंगसाला परदेशी नेणार असाल तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. उंदीर मारायला माणसांनी मॉरिशसला १९०० च्या सुमारास मुंगसं नेऊन सोडली, ओकिनावाला १९१० मध्ये हाबू साप मारायला सोडली. हाबू रात्री हिंडतो, मुंगूस दिवसा; दोघांची गाठच पडेना, आणि मुंगसांनी तिथल्या दुर्मीळ पाखरांना आणि छोट्या प्राण्यांना संपवायला सुरुवात केली. जपानच्या अमामी बेटावर १९७९ मध्ये सोडलेल्या मुंगसांचं पुढे समूळ उच्चाटन करावं लागलं, ते पूर्ण झाल्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. अशा बेटावर उतरलेल्या भिकाकडे कुणी प्रेमानं बघणार नाही. सहावी-सातवीच्या वाचकांसाठी ही फार समर्थ गोष्ट आहे. त्याहून लहान मुलांना नुसता अविश्वास दाखवा, उच्चाटन नको.

गुन्हा मागून पुढे बांधा

आधी खरं काय घडलं ते तारीखवार लिहून काढा. मग ते कुणाला कसं कळेल ते ठरवा. प्रकरणं सगळ्यात शेवटी.

आपल्या उदाहरणात: जेबेल अलीला कंटेनर उघडला. सगळी केळी हिरवी, पण दाराजवळच्या एका कोपऱ्यातली पिवळीधमक. व्यापारी म्हणतो, वाटेत कुणीतरी दार उघडलं. दारावर कावळ्याचं पीस सापडतं, खाली मांजराचे ठसे. संशयित चार: कावळा, गोदामातली मांजरमावशी, गटारातली घूस, आणि एक भुरटा कोल्हा. चारच ठेवा. सहा झाले की नवव्या वर्षी नावं लक्षात राहत नाहीत. तीन असले की दुसऱ्याच प्रकरणात उत्तर फुटतं.

खरं असं: दार कुणी उघडलंच नाही. चोपड्याच्या पॅकहाउसमध्येच, सील लागण्याआधी, गंगू नावाची गाभण उंदरीण पिकलेल्या दोन केळ्यांसकट खोक्यांच्या फटीत शिरली. तिनं घरटं केलं, वाटेत व्याली. पिकलेल्या केळ्यातून इथिलीन वायू सुटतो आणि तो शेजारच्या हिरव्या केळ्यांना पिकवतो. घरट्यामुळे गार हवेची वाट अडली, तो कोपरा थोडा उबदार राहिला, पिकणं आणखी वाढलं.

आता दुवे. हे सगळे उत्तराच्या आधी वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेले पाहिजेत:

१. सीलचा नंबर कागदाशी जुळतो. हे तिसऱ्या प्रकरणात, गडबडीत, एका वाक्यात टाका. कुणाचं लक्ष जाणार नाही, पण ते तिथे असेल.
२. पिवळेपणा एका जागी गडद आणि तिथून बाहेर फिका होत जातो. म्हणजे कारण आत आहे.
३. तापमानाची नोंद ठेवणाऱ्या यंत्रावर रेघ सरळ आहे. वाटेत दार उघडलं असतं तर बाहेरच्या उन्हानं ती उसळली असती. यंत्र कोपऱ्यापासून लांब बसवलेलं हवं, नाहीतर कोपऱ्यातली ऊबही त्यात दिसेल.
४. भिकाच्या नाकाला सरकी न काढलेल्या कापसाचा आणि काळ्या मातीचा वास येतो. कोपऱ्यातल्या खोक्यांच्या फटीत कपाशीचं कुरतडलेलं बोंड सापडतं. दुबईच्या गोदामात ते येणार कुठून?
५. रात्री कोपऱ्यातून चुळबूळ ऐकू येते. तिचा अर्थ उलगड्यात लागतो: पिल्लांच्या अंगावर नुकती लव आली आहे, पण डोळे मिटलेले. उंदराच्या पिल्लांचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. लव नुकतीच आलेली, म्हणजे जन्म साधारण आठवड्याभरापूर्वीचा, प्रवासातला.

यातला पाचवा दुवा सखूचा. ती रात्री चुळबूळ ऐकते. इथे एक चूक हमखास होते: पिल्लांचं केकाटणं सखूला ऐकू आलं असं लिहिलं जातं. उंदरांची पिल्लं आईला ज्या पट्टीत हाक देतात ती बरीचशी इतकी वरची असते की माणसालाही नाही आणि घुबडवर्गालाही ऐकू येत नाही. सखूला पुठ्ठा खरखरल्याचा आवाज येतो, तेवढा पुरे.

खोटे दुवे दोनच, पीस आणि ठसे, आणि दोन्हींना निरपराध कारण हवं. कावळा दारावर बसतो कारण तिथे सावली आहे. मावशी तिथे घुटमळते कारण तिलाही उंदराचा वास आला आहे! म्हणजे खोटा दुवाही सत्याकडे बोट दाखवतो. कारण न देता सोडलेला खोटा दुवा ही वाचकाची फसवणूक आहे, मुलं ती विसरत नाहीत.

आणि गंगू दुष्ट नाही. तिला जागा हवी होती. भिकासमोर आता ज्याला खायचं नाही असा गुन्हेगार आहे, पिल्लांसकट. हा प्रसंग घाईत उरकू नका. दोन पानं द्या. साप, तरस, गिधाड, कोल्हा म्हटलं की खलनायक ही सवयही मोडा, आणि परदेशातलं पात्र म्हणून लबाड हीसुद्धा. पिंगळ्या-घुबडांविषयी अपशकुनाची भीती गावोगावी आहे आणि त्यापायी ही पाखरं मारली जातात. सखूसारखी नायिका त्या भीतीवर चांगला उतारा ठरते.

गुन्हा नशिबानं उकलू देऊ नका. ‘तेवढ्यात खोकं पडलं आणि घरटं दिसलं’ असं झालं की आधीचे पाचही दुवे वाया. खोकं भिकानं पाडलं पाहिजे, कारण त्यानं वासावरून ते निवडलं. आणि पाडायचं तर १३ किलोचं खोकं ढकलायची ताकद त्याच्यात नाही, हे चौथ्या रकान्यात लिहिलंय. म्हणून तो नखांनी पुठ्ठ्याचा खालचा कोपरा कुरतडतो, हमाल ते बघतो आणि खोकं उचलतो.

भाषा

निवेदन साध्या प्रमाण मराठीत, संवादात बोली. पण कुठली बोली ते नीट ठरवा. धुळे, अमळनेर, साक्रीकडे अहिराणी; रावेर, यावल, भुसावळकडे लेवा गणबोली; सातपुड्यात पावरी, भिलोरी. चोपड्यात मिसळ आहे, भिकाला अहिराणी दिली तर खपते. एका संवादात एक-दोनच बोलीतली वाक्यं ठेवा आणि अर्थ प्रसंगातून कळू द्या:

“काय व्हयनं, जिभाऊ?” सखूनं खोक्यांमागून मान काढली.
भिकानं कोपऱ्याकडे नाक वळवलं. “दख ना. बठ्ठं पिवयं व्हई गयं!”

कोल्हापूरच्या मुलालाही हे कळतं, कारण दोघं पिवळ्या केळ्यांसमोर उभे आहेत. कंसात अर्थ देऊ नका. बोली फक्त विनोदी पात्राच्या तोंडी घालणं तर मुळीच नको. हुशार पात्रानं बोली बोलावी, त्यानं खान्देशातल्या मुलांची मान ताठ होते.

वासाचे शब्द जपून गोळा करा, कारण मुंगसाची गोष्ट नाकानं सांगायची आहे. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या भरताच्या वांग्याचा धूर, केळीच्या खोडाचा ओला तुरट वास, पॅकहाउसमधल्या ओल्या पुठ्ठ्याचा वास, जहाजावरचं डिझेल आणि मीठ. प्रत्येक प्रकरणात एक वास पुरेसा आहे.

लांबी आणि चाचणी

तिसरी ते पाचवीसाठी १० प्रकरणं, प्रत्येकी ८०० शब्दांच्या आसपास. मराठी पुस्तक १६ पानांच्या फर्म्यात छापलं जातं, त्यामुळे ६४ पानांचे चार फर्मे हिशेबाला सोयीचे. सुरुवातीची चार पानं आणि चित्रांची बारा पानं वजा केली की ४८ उरतात. १४ पॉइंटच्या ठळक अक्षरात पानाला १७० शब्द धरले तर आठ हजारांवर शब्द बसतात. चार पानं जास्त झाली तर अख्खा फर्मा वाढतो किंवा मजकूर कापावा लागतो, म्हणून हा हिशेब लिहिण्याआधी करा.

पहिली तीन प्रकरणं चोपड्यात आणि प्रवासात, चौथ्यापासून सातव्यापर्यंत दुबई, आठवं अंधारातलं, नववं उलगड्याचं, दहावं गंगूचं काय झालं त्याचं. चोपड्यात तिसऱ्या प्रकरणाहून जास्त थांबलात तर मुलं विचारतात, ‘दुबई कधी?’

पूर्ण झाल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गात मोठ्यानं वाचून घ्या, आणि आठव्या प्रकरणानंतर थांबा. प्रत्येकाला चिठ्ठीवर गुन्हेगाराचं नाव आणि एक कारण लिहायला सांगा. ‘उंदीर असेल’ असं तिसरा हिस्सा मुलांनी लिहिलं तर बेत जमला. सगळ्यांनी लिहिलं तर कापसाचा दुवा फार मोठ्यानं सांगितलाय, तो मागे ढकला. कुणीच लिहिलं नाही तर सीलचं वाक्य दुसऱ्यांदा, दुसऱ्या पात्राच्या तोंडी आणा. कारणं वाचणं नावं वाचण्याइतकंच महत्त्वाचं. मुलं चुकीच्या वाटेनं बरोबर नाव गाठत असतील तर एखादा दुवा गढूळ आहे.

चित्रकाराला द्यायचा कागद

पुरावा चित्रातही असतो, म्हणून चित्रकाराला नुसती गोष्ट पाठवू नका. मुंगसाच्या पंजाला पाच बोटं आणि नखांचे टिंब; मांजराच्या ठशात चार बोटं आणि नखं नाहीत. कावळा पूर्ण काळा नको, मान राखाडी. पिंगळीचे डोळे पिवळे, अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर शिंगांसारखे कान नाहीत. कंटेनरच्या दारावरचं सील तिसऱ्या आणि नवव्या प्रकरणाच्या चित्रांत सारख्याच नंबरचं हवं. नंबर चित्रातच लिहून घ्या आणि छपाईआधी दोन्ही पानं शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून बघा.